सालिगानची वेलची

चंद्रहास सबनीस प्रवासवर्णन आधी लिहायचा आणि प्रवासाला मागाहून निघायचा. यात त्याला काही वावगं वाटत नसे. चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करण्यात त्याची आइंडहोवनमधली वीस वर्षं गेली होती, आणि त्या कामाची शिस्त अशी की चाचणी घेण्याआधी तिचा अहवाल तयार असतो. मोकळ्या जागा सोडलेल्या असतात, आकडे हाती आले की त्या भरायच्या. तोच नियम त्याने साहित्याला लावला. इतिहास, भूगोल, हवामान, राजेरजवाडे हे सगळं घरबसल्या लिहून होई आणि मजकुरात अधूनमधून लाल अक्षरांत खुणा राहत: ‘इथे वास’, ‘इथे सूर्यास्त’, ‘इथे म्हातारी’.

म्हातारी त्याच्या प्रत्येक लेखात असायचीच. पोर्तुगालच्या लेखात तिने अंजिरं दिली होती, आइसलँडच्या लेखात लोकरीचे मोजे. ती गरीब असे, तिला इंग्रजी येत नसे आणि ती पैसे घेत नसे. चंद्रहासची बायको उत्तरा दोन्ही प्रवासांत त्याच्यासोबत होती, पण तिला कुठे म्हातारी दिसली नव्हती. विचारलं तर तो म्हणे, “तू दुकानात शिरली होतीस ना, तेव्हा भेटली.” उत्तराने मग नाद सोडला. नवऱ्यांचे याहून वाईट षौक असतात, असं तिचं म्हणणं.

हे लेख छापून येत मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात. नेदरलँड्सभर विखुरलेली दीड-दोनशे मराठी घरं या मंडळात होती, आणि त्यांतल्या निम्म्या घरांत अंक खरोखर वाचला जाई. तिथे चंद्रहासला एकच प्रतिस्पर्धी होता, युट्रेख्टचा नरेंद्र. नरेंद्र बाली, व्हिएतनाम, जपान करून आलेला, आणि दुसऱ्याच्या लेखातल्या चुका काढायची त्याला भारी हौस. आइसलँडच्या लेखावर त्याने मंडळाच्या ग्रुपवर विचारलं होतं, “सबनीस, तुमच्या म्हातारीने जुलैत मोजे दिले?” चंद्रहासला ते दोन वर्षं सलत होतं.

म्हणून २०२० सालासाठी त्याने जिथे नरेंद्र गेला नसेल असं ठिकाण शोधलं. फिलिपिन्समधलं सालिगान नावाचं समुद्रकाठचं लहानसं गाव. गावाच्या नगरपालिकेने इंटरनेटवर ‘पाहण्यासारखी ठिकाणं’ म्हणून एक पान टाकलं होतं, आणि ते चंद्रहासने इतक्या वेळा वाचलं की झोपेतून उठवून विचारलं तरी त्याने धडाधड सांगितलं असतं. ओहोटीला चार तास वर येणारी आणि भरतीला गायब होणारी वाळूची पट्टी. प्रवाळाच्या दगडांनी बांधलेलं स्पॅनिश काळातलं चर्च. त्याच्या शेजारी चाच्यांवर नजर ठेवायचा बुरूज. खारफुटीच्या रानातून जाणारी बांबूची पायवाट, काजव्यांनी लगडलेल्या झाडांची नदी, आणि सप्टेंबरात मेरीमातेची मूर्ती नावेत बसवून निघणारी मिरवणूक. फेब्रुवारीच्या कार्निव्हलच्या सुट्टीची तिकिटं काढली, लेख ऐंशी टक्के लिहून झाला, उत्तराने प्रवासासाठी चिवडा केला. निघायच्या नऊ दिवस आधी विमान रद्द झालं. हाँगकाँगमार्गे जायचं होतं आणि हाँगकाँगमार्गे तेव्हा कुणीच कुठे जात नव्हतं.

चिवडा घरीच संपला. सुट्टी संपल्यावर पंधरा-वीस दिवसांत सगळा देशच कुलूपबंद झाला आणि ‘कसा झाला प्रवास?’ असं विचारायला कुणी भेटलंच नाही.

सप्टेंबरात मंडळाच्या अंकाचा संपादक मनोहर याचा ब्रेडाहून फोन आला. मनोहर दिवसभर एका मालवाहतुकीच्या कंपनीत कंटेनर कुठे अडकलेत ते पाहत असे आणि संध्याकाळी लेखकांचं तेच पाहत असे.

“चंद्रहास, अरे, तू फेब्रुवारीत फिलिपिन्सला गेला होतास ना? यंदा कुणीच कुठे गेलेलं नाही रे. अंकात प्रवासवर्णन नसेल तर लोक काय म्हणतील? सगळ्या नेदरलँड्समध्ये एक तूच उरलायस.”

इथे चंद्रहासने ‘नाही गेलो’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते. त्याच्या तोंडून निघालं, “शब्दमर्यादा किती?”

फोन ठेवल्यावर खोलीत बसलेली सोळा वर्षांची तेजल म्हणाली, “बट बाबा, वी डिडन्ट गो.” लेकीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये यायचं.

“ऐंशी टक्के लिहून तयार आहे,” चंद्रहास म्हणाला. याला उत्तर कसं म्हणायचं, ते त्यालाच ठाऊक.

उरलेले वीस टक्के त्याने आठ दिवसांत भरले. म्हातारी शोधावी लागलीच नाही. नगरपालिकेच्या पानावर बुरुजाचा फोटो होता, आणि बुरुजाच्या पायाशी हिरवी छत्री लावून एक म्हातारी बसली होती. छत्रीची एक काडी मोडलेली आणि निळ्या दोरीने बांधलेली. पुढ्यात टोपली, टोपलीत सुमान. सुमान म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट तांदूळ, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला, आपल्या पातोळ्यांचा लांबचा भाऊ. चंद्रहासने फोटो मोठा करून करून पाहिला. मग छत्री-दोरीसकट सगळं घेऊन त्याने लिहिलं की म्हातारीने एक सुमान जास्तीचं दिलं, पैसे पुढे केले तर मान हलवली आणि दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटवून टाकली. पान उलगडल्यावर नारळाचा आणि वेलचीचा मंद वास आला, तो जिभेवर दिवसभर राहिला, असंही लिहिलं, आणि बुरुजाचा तो फोटो, म्हातारी वगळून, लेखाला जोडला.

मूठ मिटवणं त्याच्या आईचं होतं. कुमुदिनीबाई सांगलीला एकट्या राहत आणि निघताना लेकाच्या हातात काहीबाही कोंबून अशीच मूठ मिटवत. त्यांना भेटून दीड वर्ष झालं होतं. ऐकू कमी येतं म्हणून त्याने इथून कानातलं यंत्र पाठवलं होतं. ‘रोज घालते रे,’ असं त्या व्हिडिओवर सांगत आणि पुढचा प्रश्न तीनदा विचारायला लावत. यंत्र कपाटाच्या खणात आहे, हे शेजारच्यांनी त्याला कधीच कळवलं होतं. तो परिच्छेद लिहिताना चंद्रहासचे डोळे भरून आले. इतकं चांगलं त्याने आजवर लिहिलं नव्हतं, आणि तिथे न जाता लिहिलं होतं.

लेख गाजला. घरात कोंडलेल्या लोकांनी वाळूची पट्टी आणि काजवे वाचून आपापल्या खिडक्यांतून बाहेर पाहिलं. नरेंद्रनेसुद्धा ग्रुपवर अंगठा टाकला, फक्त अंगठा.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता मंडळाने अंकाचा वाचकमेळावा ठेवला, अर्थात स्क्रीनवर. रात्रीची संचारबंदी नुकतीच लागू झाली होती आणि लोकांना कुणाचं का होईना, तोंड बघायचं होतं. एक्केचाळीस खिडक्या भरल्या. सुरुवातीला मनोहरने सांगितलं की आज वाचकांच्या पसंतीच्या लेखाचं नाव जाहीर होईल, आणि हे सांगताना तो चंद्रहासच्या खिडकीकडे बघून इतका हसला की जाहीर करायचं काही उरलं नाही.

“आणि आज एक पाहुण्या आहेत,” मनोहर म्हणाला. “जयंती, तू सांग.”

जयंती लायडनच्या सायन्स पार्कमध्ये संशोधन करणारी, मंडळातली तरुण पिढी. तिच्या शेजारच्या खिडकीत चाळिशीची एक बाई उजळ पिवळ्या स्वेटरमध्ये बसली होती. जयंती म्हणाली, “ही मारिसेल, माझ्याच लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जेवताना मी अंक चाळत होते, तर हिने बुरुजाचा फोटो ओळखला. ती सालिगानची आहे! मग मी तिला अख्खा लेख इंग्रजीत वाचून दाखवला. तिला चंद्रहासना भेटायचंच होतं.”

चंद्रहासने टेबलाखाली आपला गुडघा घट्ट धरला. शेजारी, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, उत्तरा आणि तेजल बसल्या होत्या. उत्तराने डोळे मिटून घेतले.

“वा!” नरेंद्रचा आवाज आला. “म्हणजे आता शहानिशाच होऊन जाईल. सबनीस, बुरुजाला पायऱ्या किती हो?”

“बेचाळीस,” चंद्रहास म्हणाला. तेवढं पानावर होतं.

मारिसेलला हे मराठी कळलं नाही. तिने सगळ्यांना नमस्कार केला, जयंतीने शिकवला होता तसा, आणि मग सावकाश इंग्रजीत बोलायला लागली.

“बुरुजाखाली हिरव्या छत्रीत बसलेली बाई माझी आई,” ती म्हणाली. “छत्रीला निळी दोरी मी बांधली होती. आई ऑगस्टमध्ये गेली. विमानं नव्हती. मी इथून फोनवर सगळं पाहिलं, मध्येच नेटवर्क गेलं तेव्हा तेही दिसलं नाही. इथल्या माणसांपैकी आईला शेवटचं पाहिलेले तुम्हीच.”

मारिसेलने स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या.

“मला एकच विचारायचंय. २०१९च्या डिसेंबरात मी इथून तिच्यासाठी चष्मा करून पाठवला होता. फोनवर ती म्हणायची, रोज लावते. माझी बहीण म्हणते, आईने तो डब्याबाहेर काढलाच नाही. म्हणते, तिला चष्मा नको होता, तू हवी होतीस.” मारिसेल थांबली. “त्यावरून आम्ही बहिणी ऑगस्टपासून बोललेलो नाही. तुम्ही फेब्रुवारीत तिच्यासमोर उभे होतात. तिने चष्मा लावला होता का?”

चंद्रहासला फोटो लख्ख आठवत होता. म्हातारीच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, पण तो फोटो कुणी कधी काढला होता कुणास ठाऊक. फेब्रुवारीत ती बुरुजाखाली बसली होती की नाही, हेही त्याला माहीत नव्हतं. माहीत होता तो फक्त सांगलीच्या कपाटाचा खण. अशा वस्तूंचं काय होतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच कारणाने त्याला खरं बोलवेना.

“हो,” तो इंग्रजीत म्हणाला. “लावला होता.”

“तपकिरी होता ना?”

“रंगांच्या बाबतीत मी कच्चा आहे. पण चष्मा होता. तिने सुमान देताना माझ्याकडे त्यातून नीट निरखून पाहिलं.”

मारिसेलने तळहाताने तोंड झाकलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. म्यूटवर असल्याने आवाज आला नाही, नुसते हात हलले. मनोहर खुर्चीतून पुढे सरकला. “मित्रांनो,” तो म्हणाला, “साहित्य म्हणजे आणखी काय असतं? चंद्रहासच्या लेखाला आज साक्षीदार मिळाला! यंदाचा वाचकपसंतीचा मान—”

“मनोहर, एक मिनिट,” चंद्रहास म्हणाला.

त्याला ते सहन होईना. बाईला दिलेलं उत्तर परत घेणं शक्य नव्हतं, आणि त्या उत्तरावर स्वतःचा सत्कार करून घेणं त्याहूनही अशक्य होतं. त्याने चेहरा हसरा ठेवला, आभार मानताना माणूस ठेवतो तसा, आणि त्याच आभाराच्या सुरात शुद्ध मराठीत बोलायला लागला. इंग्रजी शब्द येणार नाही याची त्याने आयुष्यात प्रथमच काळजी घेतली.

“मंडळी, मी सालिगानला गेलेलो नाही. आमचं विमान रद्द झालं होतं. त्या सुट्टीत आम्ही तिघं घरीच होतो. ही म्हातारी मी छायाचित्रात पाहिली, बाकीचं रचलं. याआधीच्या म्हाताऱ्याही रचलेल्याच होत्या. मान मला नको. आणि हात जोडून सांगतो, या बाईंच्या देखत कुणी चेहरा पाडू नका.”

पुढचे काही क्षण मंडळाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे होते, पण ते कुणी नोंदवले नाहीत. एका खिडकीत चहाचा कप ओठांपाशी थांबला. मनोहर हसऱ्या चेहऱ्याने इतका स्तब्ध झाला की त्याचं इंटरनेट अडकलंय असं काहींना वाटलं. जी माणसं एरवी एका वेलांटीवरून आठवडाभर भांडत, ती सगळी माणसं माना डोलवत राहिली. कुणी भुवई उचलली नाही. जयंती लाल झाली होती, पण तीही डोलत होती.

“ते सालिगान म्हणाले,” मारिसेलने जयंतीला विचारलं. “काय म्हणाले?”

जयंतीने पुढ्यातला अंक उचलून उगाच पानं चाळली. तेवढ्यात नरेंद्रने आपला माइक चालू केला. चंद्रहासने ते चिन्ह हिरवं झालेलं पाहिलं आणि मनाची तयारी केली. जुलैतले मोजे पकडणाऱ्या माणसाच्या हाती आज कोलीत मिळालं होतं.

“तो म्हणतोय,” नरेंद्र स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, “की सालिगानच्या त्या सुमानमधल्या वेलचीची चव अजून त्याच्या जिभेवर आहे.”

मारिसेल क्षणभर नरेंद्रच्या खिडकीकडे बघत राहिली, मग चंद्रहासच्या. मग ती हसली.

“वेलची,” ती म्हणाली. “हो. थँक यू.”

मेळावा अर्ध्या तासाने संपला. वाचकपसंतीचा मान शब्दकोड्याला मिळाला. त्या संध्याकाळी चंद्रहासला कुणाचा फोन आला नाही, ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही, आणि पुढेही त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. त्याला मंडळाचं अध्यक्ष करायचं घाटत होतं, ते मात्र आपोआप थांबलं. उत्तराने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, “पोर्तुगालची अंजिरं मीच विकत घेतली होती. आठवतं का?” त्याला आठवत होतं.

दहा-बारा दिवसांनी खूप बर्फ पडलं. कालवे गोठले, सायकली ठिकठिकाणी अडकून पडल्या, आणि पोस्टाची गाडी दोन दिवस उशिरा आली. लायडनहून एक खोका आला होता. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा सुमानं होती, केळीची पानं कुठल्यातरी टोकोतून, म्हणजे इथल्या आशियाई वाणसामानाच्या दुकानातून आणलेली. सोबत इंग्रजीत लिहिलेलं कार्ड होतं.

‘प्रिय मिस्टर सबनीस, सालिगानमध्ये सुमानात वेलची कुणीही घालत नाही. आईने तर ती आयुष्यात पाहिलीही नसेल. जयंतीने लेख वाचून दाखवला तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही तिथे गेला नव्हता. तरी मी विचारलं. आईने चष्मा लावला होता, असं कुणीतरी मला मोठ्याने सांगायला हवं होतं. त्या रात्री मी बहिणीला फोन केला. चष्म्याचा विषय काढला नाही. आम्ही दोन तास बोललो. सोबतचं सुमान आईच्या पद्धतीचं आहे. मारिसेल.’

चंद्रहासने कार्ड उत्तराला दिलं. ती वाचत असताना त्याने खुर्चीत बसून एक सुमान सोडवलं. पान थंडीने कडक झालं होतं आणि दोरा निळा होता. त्याने घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला. गोड जवळजवळ नव्हतंच. भाताची चव होती, नारळाची, आणि किंचित मिठाची.

“कसं लागतंय?” उत्तराने विचारलं.

सवयीने त्याच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ते त्याने गिळलं.

“थांब,” तो म्हणाला. “पहिल्यांदाच खातोय.”